ज्याची त्याची कानस

“चाचा, तुमची कानस मला का देत नाही?”

दस्तगीरचाचांनी मान वर केली नाही. “तुझी कर की.”

“दोन केल्या.”

“मग तिसरी कर.”

सौमित्र मनातल्या मनात चरफडला. मिरजेच्या वाद्यकारांच्या गल्लीत तो वर्षभर चाचांकडे सतारी आणि गिटारच्या गळ्यावर धातूचे पडदे बसवायला शिकत होता. हात चांगला होता, आणि तो चांगला आहे हे त्याला जरा जास्तच ठाऊक होतं. पण इथली रीत अशी, की पडद्याचा माथा गोल करायची कानस ज्याची त्यानेच घडवायची. पोलाद भट्टीत लाल करायचं, खाच पाडायची, छिन्नीने दात काढायचे, मग पाणी द्यायचं. आणि कारागीर गेला, की त्याची कानस कृष्णेत सोडायची.

त्याच्या पहिल्या कानशीचे दात तिसऱ्याच पडद्यावर बोथटले. दुसरी पाणी देतानाच तडकली. चाचांची ती काळी कानस मात्र लोण्यातून फिरावी तशी फिरायची. शिष्याला हेवा वाटला तर नवल काय!

त्याला एकच हवं होतं. कुणीतरी पडद्यांवरून बोट फिरवावं आणि म्हणावं, ‘हे सौमित्रचं काम.’ एवढ्यासाठी त्याने पुण्यातली चांगली नोकरी सोडली होती, आईचं रडणं ऐकलं होतं.

दुपारी चाचा नमाजला गेले. फळीवर एक गिटार दुरुस्तीला आलेली होती. सौमित्रने कोनाड्यातली चाचांची कानस उचलली. एकच पडदा करून बघू, म्हणाला.

भर उन्हाळ्यात कानस गार लागली.

पडद्यावर टेकवली, आणि ती चालू लागली. कुठे दाबायचं, कुठे हलकं व्हायचं, विचार करावाच लागेना. मध्येच तहान लागली. उठावंसं वाटलं, पण तो उठला नाही. ओठांत कसलीशी चाल घोळत होती. ती त्याला येत नव्हती.

चाचा परतले तेव्हा सगळे पडदे झाले होते.

ते दारातच थबकले. आता शिव्या बसणार, म्हणून सौमित्रने मान खाली घातली. पण चाचा जवळ आले, डोळे मिटले आणि गिटारच्या गळ्यावरून एक बोट सावकाश फिरवलं.

“पीरसाब उस्ताद...”

“मी केलंय, चाचा.”

“न्हाई. हे माझ्या उस्तादांचं काम हाय.”

“तुमचे उस्ताद तर कधीच गेले!”

“बेचाळीस वर्षं झाली...” चाचा म्हणाले. “उस्ताद डावखुरे हुते. हात बघ की लेका तुझा.”

सौमित्रने पाहिलं. कानस त्याच्या डाव्या हातात होती. डाव्या हाताने त्याने उभ्या जन्मात साधा खिळासुद्धा ठोकला नव्हता. त्याने मूठ उघडायला पाहिली. बोटं हलेनात. तो भयंकर घाबरला.

चाचांनी एकेक बोट सोडवून कानस काढून घेतली.

“ही... उस्तादांची?” सौमित्र मागे सरकला. “नदीत का नाही सोडलीत?”

“चांगली चालत हुती...”

चाचांनी भट्टीजवळचा पोलादाचा तुकडा उचलला, सौमित्रच्या उजव्या हातात ठेवला आणि वरून त्याची मूठ घट्ट मिटली. मग खाली बसून ते ती काळी कानस पुसू लागले. डाव्या हाताने. वर्षभर सौमित्रने त्यांना असंच काम करताना पाहिलं होतं.

“पण चाचा... तुम्ही तर डावखुरेच आहात ना?”

चाचांचं पुसणं थांबलं. परक्या माणसाकडे बघावं तसे ते आपल्या हाताकडे बघत राहिले...

“अम्मा सांगायची, आधी मी उजवा हुतो म्हणून.”