साळी आळीचे कच्चे सूत

धामणपेठेच्या बाजाराकडे जाणारा सर्वांत जवळचा रस्ता साळी आळीतून जातो. आळीच्या तोंडाशी दोन्ही अंगांना कंबरेएवढे दगडी खांब आहेत आणि त्या खांबांच्या मध्ये एक पांढरे कच्चे सूत आडवे बांधलेले असते. तेथे गतिरोधक नाही, फाटक नाही, पहारेकरीही नाही. तरीही दुचाकी असो, उसाचा ट्रॅक्टर असो की तहसीलदारांची जीप असो, प्रत्येक वाहन त्या सुताशी थांबते. चालवणारा खाली उतरतो, गाठ सोडतो, वाहन बैलाच्या चालीने आत घेतो, मागे येऊन पुन्हा गाठ मारतो आणि मगच पुढे जातो. नवख्या माणसाला हसू येते. एवढ्याशा धाग्याला कोण भितो, असे तो म्हणतो. तेव्हा ओट्यावरचे एखादे वृद्ध त्याला बसवून घेतात, पाणी देतात आणि भिवराबाईची हकीकत सांगतात.

पूर्वी हा रस्ता म्हणजे साळ्यांचे अंगणच होते, असे सांगतात. घराघरांत जमिनीतल्या खड्ड्यात पाय सोडून चालवायचे खड्डामाग होते. लुगड्याचे उभे सूत, ज्याला ताणा म्हणतात, ते मागावर चढवण्यापूर्वी आळीच्या लांबीने ताणून त्याला खळ द्यावी लागे. साठ हात लांबीचा, बाराशे धाग्यांचा तो पट्टा बांबूंच्या कैच्यांवर पसरला जाई आणि दोन्ही बाजूंना उभ्या राहून बायका ज्वारीच्या पिठाची पातळ खळ कुंच्याने त्यावर फिरवीत. या कामाला पांजणी म्हणत. ती कोवळ्या उन्हात सुरू होई आणि ऊन तापण्याच्या आत संपवावी लागे. तेवढा वेळ येणारा-जाणारा ताण्याच्या कडेने अंग चोरून चाले. कोणाच्या धक्क्याने धागा तुटलाच, तर ज्याच्या हातून तुटला त्याने तेथेच बसून तो सांधावा, सांधल्यावाचून पाऊल पुढे टाकू नये, असा आळीचा दंडक होता. गावच्या पाटलांनीही त्या धुळीत मांडी घालून गाठ मारली होती, म्हणे.

भिवराबाई ही या पांजणीची मुख्य. ताण्यावरून नुसता तळवा फिरवला तरी कोठला धागा कच्चा राहिला आहे, हे तिला कळे. तिचा मुलगा आणि सून दोघेही साथीत गेले होते. मागे दोन नाती होत्या. मैना नऊ वर्षांची आणि चंद्री चार वर्षांची. मैना खळीचे भांडे घेऊन आजीच्या मागे मागे फिरे आणि चंद्री मैनेच्या मागे मागे.

त्या सुमारास धामणपेठेत दोन मालकांच्या दोन सर्व्हिस मोटारी सुरू झाल्या. रेल्वेचे स्टेशन नऊ मैलांवर होते आणि दहाच्या गाडीला जी मोटार आधी पोहोचे, तिलाच गाडीतून उतरणारे उतारू मिळत. मोठा रस्ता गावाच्या जुन्या तटाला वळसा घालून जात असे. साळी आळीतून गेले तर अर्धा मैल वाचे. तेव्हा दोन्ही मोटारी रोज सकाळी, नेमक्या पांजणीच्या वेळी, एकमेकींना मागे टाकीत आळीत घुसू लागल्या. आरंभी भोंगा वाजवून थांबत. बायका ताणा उचलून धरीत आणि मोटार त्याखालून हळूच निघून जाई. पुढे थांबणे बंद झाले. एके दिवशी सुभाना नावाच्या ड्रायव्हरने मोटार सरळ ताण्यातून घातली. तीनशेंवर धागे तुटले. भिवराबाईने दंडकाची आठवण करून देण्यासाठी हात वर केला, तेव्हा तो वेग कमी न करताच ओरडला, "आजी, तुम्ही सांधा, मी येताना बघतो!" मोटारीतले उतारू हसले, असे सांगतात.

आळीने नगरपालिकेकडे अर्ज केला. अध्यक्ष रावसाहेब तळवणेकर सभ्य गृहस्थ होते. त्यांनी पंचांना खुर्च्या दिल्या आणि शांतपणे सांगितले की, रस्ता रहदारीसाठी असतो, सूत वाळवण्यासाठी नसतो. कायद्याने पाहिले तर अडथळा साळ्यांचाच आहे. तरीही त्यांनी आळीच्या तोंडाशी 'मोटारी सावकाश हाकाव्यात' अशी पाटी लावण्याचा ठराव करून घेतला. पाटी लागली. ती वाचण्यापुरताही कोणी थांबेना. दुसऱ्या अर्जानंतर एक पोलीस शिपाई नेमण्यात आला. तो दोन दिवस उन्हात उभा राहिला आणि तिसऱ्या दिवसापासून ड्रायव्हरच्या शेजारी बसून स्टेशनापर्यंत फुकट जाऊ लागला. त्या दिवसांत आळीत कोणी त्याच्याविषयी विचारले की, "तो वेग मोजायला गेलाय," असे उत्तर मिळे.

तिसरा अर्ज करायला कोणी तयार होईना. तेव्हा भिवराबाईनेच तोड सुचवली. नदीकाठी मोकळी गायरान जमीन होती. ताणे तेथे नेऊन पांजावेत, सूत तरी वाचेल. साळ्याच्या जातीला सुताहून अधिक काय जपायचे असते? पंचांना ते पटले, बायकांनाही पटले. दुसऱ्याच सकाळी कैच्या उपटल्या गेल्या आणि आळीतल्या साऱ्या कर्त्या बायका ताणे खांद्यावर घेऊन नदीकाठी गेल्या. कोणाच्याही मनात दुसरा विचार आला नाही.

आळी मोकळी झाली. या टोकापासून त्या टोकापर्यंत स्वच्छ, सरळ, रिकामा रस्ता पाहून मोटारी अशा धावू लागल्या की ओट्यांवरच्या घागरी थरथरत. मुले मात्र आळीतच राहिली होती, कारण त्यांना दुसरे अंगण नव्हते.

पाचव्या दिवशी मैना खळीचे भांडे डोक्यावर घेऊन नदीकडे निघाली. चंद्री दारात उभी होती. दोन्ही मोटारी शर्यतीत आल्या. पहिली गेली म्हणून मैना रस्ता ओलांडू लागली आणि पहिलीने उडवलेल्या धुळीत तिला दुसरी दिसली नाही. भिवराबाई नदीवरून धावत आली, तेव्हा रस्ताभर खळ सांडलेली होती आणि मोटार थांबलेलीसुद्धा नव्हती.

यानंतर चंद्रीला एक खोड लागली. रोज सकाळी मोटारींचा भोंगा तटापाशी वाजला की ती हातातले टाकून रस्त्याच्या मधोमध, जेथे मैना पडली होती त्याच जागी, जाऊन उभी राही. तिला उचलून आणले तर रडत नसे. सोडले की पुन्हा जाई. दार लावून पाहिले, तर ती खिडकीतून उतरली. दोनदा शेजारच्या तात्याबांनी तिला मोटारीपुढून ओढून काढले. भिवराबाईने समजूत घातली, मारले, नवस बोलली. अखेरीस तिने मागाची दोरी घेतली आणि भोंगा वाजण्याच्या वेळी नातीला मागाच्या खांबाशी बांधू लागली. पोर खांबाला बांधलेली आणि आजी तिच्यासमोर बसलेली. दोन्ही मोटारी जाईपर्यंत दोघी एकमेकींकडे पाहत राहत, असे सांगतात.

मैनेच्या तेराव्यानंतर भिवराबाई एकटीच नगरपालिकेत गेली. रावसाहेब खुर्चीवरून उठले. त्यांना खरोखरच वाईट वाटले होते. पुढच्या महिन्याच्या सभेत हा विषय घेऊ, असे त्यांनी आश्वासन दिले आणि तोपर्यंत आळीतल्या लोकांनी मुले घरात ठेवावीत, अशी सूचनाही केली.

"घरातच ठेवलीय, रावसाहेब," भिवराबाई म्हणाली. "चार वर्षांची पोर मी मागाच्या खांबाला बांधते. तुमच्या कागदावर तेवढं लिहून घ्या."

कारकुनाने रावसाहेबांकडे पाहिले. रावसाहेबांनी खाली पाहिले. कागदावर काही लिहिले गेले नाही.

घरी परतताना आळीच्या तोंडाशी तिचे पाऊल थबकले. जन्मापासून तिने ही आळी पाहिली होती, परंतु इतकी उघडी कधी पाहिली नव्हती. इतकी वर्षे आपण सूत जपत होतो असे तिला वाटत आले होते. खरे तर ताण्याच्या दोन्ही अंगांना मुले निर्धास्त खेळत होती, ती त्या सुताच्या आडोशाने. तो आडोसा कोणी काढला? रावसाहेबांनी नाही, सुभानानेही नाही. ही मोकळी वाट आपण करून दिली. हे तिच्या ध्यानात आले.

त्या संध्याकाळी ती आळीतल्या देवीपुढे गेली. देण्यासारखे तिच्यापाशी एकच होते, ते म्हणजे हातांतली कला. "धाव थांबव आणि माझं विणणं घे. पुन्हा मागावर बसणार नाही," असे ती बोलली, म्हणे.

दुसऱ्या सकाळी तिने चंद्रीला खांबाशी बांधले, घरात होता तेवढा एकुलता एक ताणा बाहेर आणला आणि एकटीने कैच्या रोवून तो आळीत पसरला. एरव्ही त्याला सहा माणसे लागतात. बायका नदीकडे निघाल्या होत्या, त्या दारांतच थिजल्या. ताणा पसरून झाल्यावर भिवराबाई त्याच्या शेवटाशी, रस्त्याच्या मधोमध, येणाऱ्या मोटारींकडे पाठ करून बसली आणि सुटलेले धागे लावू लागली.

तात्याबा धावत आले. "भिवरे, वेड लागलं का तुला?"

"लागायला उशीर झाला, तात्याबा. बाजूला व्हा."

तटापाशी भोंगा वाजला. सुभानाची मोटार पुढे होती आणि त्या दिवशी जिल्ह्याच्या गावी निघालेले रावसाहेब तळवणेकर तिच्यातच बसले होते. सुभानाने ताणा पाहिला, मग त्यापलीकडची पाठ पाहिली आणि ब्रेकवर सारा भार दिला; परंतु त्या वेगाला ब्रेक आवरेना. मोटार ताण्यात घुसली. कच्चा धागा फुंकरीनेही तुटतो. त्या दिवशी मात्र, असे सांगतात, बाराशे धागे तुटता तुटता चाकांना गुंडाळत गेले, आसाभोवती आवळत गेले, कैच्यांचे बांबू त्यांत अडकून फरफटत आले आणि भिवराबाईच्या पाठीपासून वीतभर अंतरावर मोटार गचका खाऊन थांबली. आळीतली काही जाणती माणसे म्हणतात की, आसाला सूत गुंडाळले, त्यात चमत्कार कसला? तीच माणसे खांबाला सूत बांधण्यापूर्वी ते कपाळाला लावतात.

भिवराबाईने मागे वळून पाहिले नाही. हातातली गाठ पुरी करून ती म्हणाली, "तुटलंय. सांधा."

सुभाना उतरला. तो धुळीत बसला आणि दोन तुटकी टोके बोटांत धरून रडू लागला. त्याला गाठ येत नव्हती. भिवराबाईने त्याची बोटे धरून ती शिकवली. मागची मोटार येऊन थांबली, तिचा ड्रायव्हरही येऊन बसला. उतारू उतरले. शेवटी रावसाहेब उतरले. त्यांनी कोट काढून बॉनेटवर ठेवला आणि सुभानाच्या शेजारी मांडी घातली. दहाच्या गाडीची वेळ टळून गेली, तरी कोणी उठले नाही. दिवसभरात रावसाहेबांना अकरा गाठी जमल्या. संध्याकाळी त्यांनी तेथेच कागद मागवला आणि या आळीत प्रत्येक वाहन हाकणाऱ्याने थांबून, उतरून, माणसाच्या चालीने जावे, असा आदेश स्वतःच्या हाताने लिहिला. त्याच्या खाली त्यांनी मैनेचे नाव घातले.

तो ताणा विणण्यास निरुपयोगी झाला होता. भिवराबाईने त्याचे तुकडे केले आणि त्यातलाच एक धागा आळीच्या तोंडाशी बांधला. मग ती घरात गेली आणि तिने खांबाची दोरी सोडली. चंद्री उठली, सरळ बाहेर गेली आणि मैनेच्या जागी जाऊन बसली. तिला कोणी उचलले नाही. दोन्ही मोटारींतल्या लोकांनी तिच्या बाजूने वळसा घालून मोटारी हातांनी ढकलत नेल्या.

भिवराबाई पुन्हा मागावर बसली नाही. तिचा माग दुसऱ्या वर्षी काढला गेला आणि तो खड्डा मातीने भरला. उरलेले आयुष्य ती आळीच्या तोंडाशी दगडी खांबापाशी बसून कोणी घाईत चुकीची मारलेली गाठ सोडून पुन्हा नीट मारीत असे. तिच्या ताण्याचे सूत नऊ वर्षे पुरले, असे सांगतात.

आजही साळी आळीतले प्रत्येक घर पाळीपाळीने त्या खांबांसाठी सूत देते. नगरपालिकेने दोनदा लोखंडी साखळी देऊ केली, दोन्ही वेळा आळीने ती साभार परत केली. सूत कच्चेच लागते. ते कोणालाही तोडता येते, म्हणूनच माणसाला त्याच्यापाशी थांबावे लागते, असे तेथील वृद्ध सांगतात. आणि सकाळी दहाच्या सुमारास पाहुण्यांनी आत डोकावले, तर आळीतली लहान मुले भर रस्त्यात ऐसपैस बसलेली दिसतात. वाहनाला जायचे असेल, तर त्याने त्यांना वळसा घालून जायचे असते. 'बाजूला हो' असे त्या आळीत मुलाला कोणी म्हणत नाही.