डावा काठ

एकदा आबा नावाच्या एका वृद्ध विणकराकडे एक शिष्य पैठणी विणायला शिकत होता. शिष्य दोन मुलांचा बाप झाला होता, पण आबांपुढे अजून विद्यार्थीच.

एके वर्षी आबांच्या विणीत डाव्या काठावरच्या नक्षीतले पोपट चुकू लागले. आबांचा हात चुकतो, हे शिष्याला पाहवेना. आबा जेवायला उठले की तो चुकलेला भाग हळूच उकली आणि नीट विणून ठेवी. गुरूची चूक झाकणे हीच गुरुसेवा, अशी त्या भल्या माणसाची समजूत. असे वर्ष गेले.

मग डाव्या अंगाला ठेवलेल्या कळशीला आबा दोनदा धडकले. शिष्य त्यांना डोळ्यांच्या दवाखान्यात घेऊन गेला.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "काचबिंदू आहे, आजोबा. डोळ्यातलं पाणी झिरपून जायची जाळी तुंबलीय, म्हणून दाब वाढलाय. लेझरनं वाट मोकळी करू, दाब उतरेल. कडेची गेलेली नजर मात्र परत येणार नाही. उरलेली राखायची. वर्षभर आधी आला असता तर जास्त उरली असती."

शिष्याला वर्षभर उकललेले पोपट आठवले.

लेझर झाले, दाब उतरला. महिन्याभराने आबा मागावर बसले आणि डावा काठ पुन्हा चुकला. ते जेवायला उठताच शिष्याने धाग्याला हात घातला.

"राहू दे." आबा दारातच उभे होते. ते परत येऊन बसले आणि ती चूक तशीच ठेवून त्यांनी पुढे चार बोटे विणले. उभ्या जन्मात एक सैल धागा खपवून न घेणारा माणूस! शिष्याला काही उमगेना.

"दवाखान्यातून आल्यावर मी गुंडाळलेलं कापड उलगडून चाचपलं," आबा म्हणाले. "वर्षभराचा डावा काठ तुझ्या हातचा. तुझी वीण मी ओळखणार नाही होय रे?"

शिष्याने त्यांचे पाय धरले. "आबा, माझ्यामुळं तुमची नजर गेली."

"आजारामुळं गेली. पण हे दुखणं दुखत नाही, बाबा. त्यानं मला एकच हाक मारली, चुकलेल्या पोपटांची. ती तू मायेपोटी पुसून टाकलीस, म्हणून आजची चूक राहू दिली. धागा उकलून पुन्हा विणता येतो, नजर नाही. आता माझी डावी बाजू तू. चुकलो की तोंडावर सांगायचं."

शिष्य डोळे पुसून त्यांच्या डावीकडे बसला. बराच वेळ मागावर धोटा इकडून तिकडे चालत राहिला.

"आबा," तो चाचरत म्हणाला, "पोपटाची चोच चुकली."

आबा प्रसन्न हसले आणि स्वतःच्या हाताने धागा उकलू लागले.