काढून टाकलेला आवाज

एकदा एक कापडाचा व्यापारी, काचबिंदूनं दृष्टी गेल्यावर, अंधांना संगणक शिकवणाऱ्या एका वृद्ध गुरुजींकडे आला. गुरुजी स्वतः जन्मांध. त्यांनी या नवागताला आपल्या सर्वांत हुशार शिष्येच्या हाती सोपवलं. तीही अंधच. पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणारा स्क्रीन रीडर ती इतक्या वेगानं ऐकायची, की इतरांना ती नुसती खरखर वाटावी. तिचा आवडता आवाज यांत्रिक होता, पत्र्यासारखा, पण स्पष्ट.

व्यापाऱ्याला मात्र दुसराच आवाज आवडला. एका स्त्रीचा, संथ, स्वल्पविरामाशी किंचित रेंगाळणारा. दृष्टी गेल्यापासून त्यानं वर्तमानपत्र ऐकलं ते प्रथम त्या आवाजात. अग्रलेख संपला तरी तो उठेना. शिष्येनं थट्टेनं विचारलं, शेठ, डोळा लागला की काय.

"नाही हो बाई," तो म्हणाला. "कुणीतरी शेजारी बसून वाचतंय असं वाटलं. घरी कुणाला वेळ नसतो."

शिष्येला हे पटणारं नव्हतं. संथ आवाजाची सवय जडली की वेग वाढतच नाही, असं वर्गातले सगळेच जुने विद्यार्थी मानत. आणि तिची स्वतःची नोकरी या वेगावरच तर उभी होती. तिनं समजावलं, चिडवलं, अशानं दिवाळी अंक होळीला संपेल म्हणाली. तो हसायचा आणि आपलाच आवाज लावायचा. शेवटी एका सकाळी, त्याच्या भल्यासाठीच, तिनं तो आवाज त्याच्या लॅपटॉपमधून काढून टाकला आणि आपला यांत्रिक आवाज ठेवला.

पहिली कळ दाबताच व्यापारी दचकला. काय केलं ते तिनं समजावून सांगितलं. त्यानं ऐकून घेतलं. मग लॅपटॉप मिटून, सर्वांना नमस्कार करून निघून गेला. पुन्हा आला नाही.

पुढे एकदा विषय निघाला तेव्हा शिष्या गुरुजींना म्हणाली, शेठजींत चिकाटीच नव्हती. गुरुजींनी तिच्या संगणकाच्या स्पीकरची वायर काढून खिशात घातली, आणि मी येईपर्यंत काम कर, एवढं सांगून ते बाहेर गेले.

ती कळा दाबत राहिली. उत्तर येईना. समोर काय उघडलं, काय मिटलं, अर्धवट लिहिलेल्याचं काय झालं, काहीच कळेना. गुरुजी परतले तेव्हा तिचे हात मांडीवर होते.

"राग आला?"

"भीती वाटली," ती म्हणाली.

"पोरी, तुला निदान ठाऊक होतं की वायर माझ्या खिशात आहे, मी ती परत देईन. डोळस माणूस मनातल्या मनात आपल्याच आवाजात वाचतो. आपल्याला तो आवाज बाहेरून घ्यावा लागतो आणि दिवसभर डोक्यात वागवावा लागतो. कुणाला तो धावणारा हवा, कुणाला सोबत बसणारा. तुझा आवाज वाईट नाही. मीही तोच वापरतो. पण तू त्यांना वेग देऊ पाहत होतीस, आणि त्यांना सोबत मिळाली होती. ती तू न विचारता काढून घेतलीस."

त्याच दुपारी ती व्यापाऱ्याच्या घरी गेली. त्यानं आदरानं बसवलं, सुनेला चहा ठेवायला सांगितलं. लॅपटॉप त्यानं भाच्याला देऊन टाकला होता. आपलं चुकलं, असं ती म्हणाली. दुसरा लॅपटॉप आणते, तोच आवाज घालून देते, हेही म्हणाली.

"राहू द्या आता, बाई," तो शांतपणे म्हणाला. "पुन्हा जीव लावायचा, पुन्हा कुणी काढून न्यायचं. या वयात नाही जमत."

चहा संपवून ती निघाली, तेव्हा तो तिला दारापर्यंत सोडायला आला. भिंतीला हात लावत, अजून न सरावलेल्या पावलांनी.

आता वर्गात कुणी नवा आला की ती सगळे आवाज एकेक करून ऐकवते, आणि तो बोलेपर्यंत गप्प राहते. कुणी फार वेळ घेतला, तर गुरुजी दाराशी येऊन थांबतात, आणि ती घाई करत नाही एवढं ऐकून परत जातात.