साळुंखे गार्डाचा डबा

नको ठेवू विश्वास. माझ्या एका शब्दावर पण नको ठेवू, बघू तुला जमतंय का. सगळी चाळ मला खोटारडी कौसाबाई म्हणती, आणि ते बरोबर हाय. पण चमचा वाजला व्हता, एवढं खरं.

"आता काय राहिलं, चाचा? आता तरी सांगा!"

साळुंखे गार्डाचा लेक हेमंता वरडला. पुण्याचा इंजिनेर, चाळीशीचा बाप्या, डोळ्याला चष्मा आणि चष्म्यावर भिंग. समोर टेबलावर मालगाडीचा एक डबा. एवढासा. माझ्या मिसरीच्या डबीपेक्षा जरा लांब.

कादरचाचा डब्याकडंच बघत बसले.

चाचा म्हणजे आमचे शेजारी. तीस वर्षं यार्डात हातोडा घेऊन मालगाडीच्या चाकांवर टण टण मारायचे आणि आवाज ऐकायचे. चाक बरं वाजलं की डब्यावर खडूची रेघ. रेघ न्हाई, तर डबा जागचा हलायचा न्हाई. आता ती टण टण गेली. मला अजून दुपारची जाग येती, काय वाजलं म्हणून. काहीच वाजलेलं नसतं.

रिटायर झाल्यावर त्यांना आणि मालगाडीच्या शेवटच्या डब्यात बसणाऱ्या साळुंखे गार्डाला येड लागलं. मुंबईहून खोकी मागवायचे. खोक्यात मालडब्याचे सुटे भाग... बाजू, छप्पर, चाकं. दोघं म्हातारे चिमट्यानं उचलायचे, कानशीनं घासायचे, गोंद लावून फुंकर घालायचे. एका पावसाळ्यात एक डबा. खेळणं म्हणलं की रुसायचे.

एकदा मी त्यांच्या कोळशाच्या डब्यात मोहरी भरून ठेवली. चार दिवस कळलं न्हाई. साळुंखे म्हणला, "चाचा, कोळसा लई झ्याक जमलाय." पाचव्या दिवशी मी वाटी घेऊन गेले, फोडणीला द्या म्हणून.

असे अकरा डबे झाले. बारावं खोकं गार्डाच्या डब्याचं. साळुंखे म्हणला, "हा माझा. याला कुणी हात लावायचा न्हाई." आणि खोकं फोडायच्या आधीच गेला.

शेवटी गार्डाचा डबा नसला तर गाडी पुरी न्हाई. अपुरी गाडी चाचा कशी सोडतील? तीन वर्षं अकरा डबे खोलीभर फिरलेल्या टेबलावर, रुळावर उभे. थोड्या मोहरीसकट.

मग हेमंताला बापाच्या पेटीत ते खोकं सापडलं. त्यानं डबा जोडला आणि रविवारी घेऊन आला.

चाचांनी चमच्याच्या दांड्यानं चाकावर हळूच मारलं. कान लावला.

"मुका हाय."

तरी नुसतं इंजिन लावून एक फेरी मारून दाखवली. भिंतीकडच्या वळणावर डबा पडला.

"जरा हलत होता," हेमंता म्हणला. "घट्ट करून आणतो."

दुसऱ्या रविवारी घट्ट करून आणला. पडला.

तिसऱ्या रविवारी अजून घट्ट. तो तर उडून माझ्या मांडीवर आला. मी म्हणलं, "साहेब, तुमची गाडी माझ्या माहेराला निघाली का काय?"

हेमंता हसला न्हाई. बाप हसला असता.

आणि हा चौथा रविवार. शेवटचा. सोमवारी चाचा लेकीकडं नांदेडला निघाले व्हते, कायमचे. टेबल मोडायचं, रूळ गुंडाळायचे, डबे परत खोक्यात.

"एकशे बारा रिव्हेट आहेत," हेमंता म्हणला. "एकेक भिंगाखाली मोजलाय. नंबर बाबांच्या खऱ्या डब्याचाच टाकलाय. आणि चाकं आता भूकंप झाला तरी हलणार नाहीत."

चाचांनी चमचा मारला. कान लावला.

"मुका."

"तुमचा रूळच वाकडा आहे!"

"हाय."

"मग सरळ करा ना!"

"तीस वर्षं रूळाकडेनं चाललो, बेटा. सरळ मला नाही भेटला."

...

मग हेमंताचा आवाज बारीक झाला. "चाचा, उद्या तुम्ही जाणार. बाबांचा डबा एकदा तरी गाडीला लागू द्या. रेघ नसली तरी..."

"तुझ्या बापानंच लागू दिला नसता."

हेमंता उठला आणि तोंड धुवायला बाहेर नळावर गेला. तोंड धुतलं का रडला, मी बघितलं न्हाई. मी चहा घेऊन आत आले व्हते.

चाचांनी माझ्याकडं बघितलं. मग डब्याकडं बघितलं. मग डोळे मिटले, कपात चमचा घातला आणि ढवळाय लागले.

टण टण टण टण...

चाचांना साखरेचा आजार. मी त्यांच्या चहात साखर टाकलेलीच नव्हती.

त्या आवाजात मी काय केलं, ते तू मनात समज. एवढंच सांगते, गोंद लई कडक झाला की त्याला बोटाचा जोर पण सोसत न्हाई. कट् करतो.

हेमंता आला. तोंड ओलं.

चाचांनी चमचा पुसला. चाकावर मारला.

खुळुक.

त्यांनी खिशातनं खडू काढला. नखाएवढा तुकडा. रिटायर झाल्यापासनं शर्ट बदलायचे, खडू तोच. डब्याच्या बाजूला एक रेघ मारली.

हेमंता बघतच राहिला.

"जोड," चाचा म्हणले.

त्यानं जोडला. बारा डबे झाले. चाचांनी बटण दाबलं.

गाडी निघाली. खिडकीखालनं गेली, कपाटाला वळसा घातला, भिंतीकडं आली. हेमंतानं डोळे मिटून घेतले.

एक एक करून अकरा डबे वळणावरनं गेले. मग गार्डाचा. एका अंगानं उचलला... खाली टेकला... डुलला. खुळुक खुळुक करत निघून गेला.

पोरी, साळुंखे गार्ड असाच डुलायचा गं. जन्म गेला त्या हादऱ्यात, घरात बसला तरी अंग थांबायचं न्हाई. लग्नाच्या पंगतीत वाढपी इचारायचे, "गार्ड, आत्ताच वाढू, का गाडी थांबल्यावर?"

हेमंतानं डोळे उघडले. गाडी परत आली, परत डुलत गेली.

"बाबा..." तो म्हणला. "असेच... अगदी असेच..."

मी गप बसले, आता यावर तरी विश्वास ठेव. सहा फेऱ्या झाल्या.

गाडी थांबल्यावर त्यानं डबा उचलला, उलटा केला, भिंग लावलं.

"चाचा! चाक सुटलंय! एका बाजूनं नुसतं अडकलंय, इथं जोड तुटलाय..."

मी वर छताकडं बघितलं. छताला काय सुंदर जाळं लागलं व्हतं.

"चाचा, हे मी नाही केलं."

चाचांनी कप उचलला. चहा गार झाला व्हता. सगळा प्याले.

"म्हणून तर पास झाला," म्हणले.

...

माझ्याकडं काय बघतीस? अर्थ इचारू नको, मी चौथी नापास. ऊठ, जा आता. मला मोहरी निवडायचीय.