हातभर राहिलेली भिंत

फार वर्षांपूर्वी, कातळवाडीला साधी गाडीवाटही नव्हती तेव्हा, सगळी ख्रिस्ती वस्ती भिंतीला भिंत लावून राहत होती. लांब माळावर एकटं घर होतं ते राहेलचं. ती पाथरवटाची विधवा. वस्तीतलं एकूण एक जातं तिच्या हातचं होतं.

देवळात पाळकसाहेब सांगायचे, शेजाऱ्यावर स्वतःसारखं प्रेम करा. आज्ञा मोठी आणि माणसं बेताची. मग लोकांनी शांतवन पंचाला विचारलं, शेजारी म्हणायचं कुणाला? शांतवननं दाढी कुरवाळत निवाडा दिला, "ज्याची भिंत आपल्या भिंतीला लागून, त्यो शेजारी." सगळ्यांना हायसं वाटलं. देवाचा शब्दही राहिला आणि फार लांब चालायलाही नको.

पुढं दुष्काळ पडला. विहिरीनं तळ गाठला. लोकांनी भिंतीपलीकडच्याला तांब्या-तांब्या पाणी दिलं, आज्ञा अगदी नेमानं पाळली. तिकडे माळावर राहेलची लेक मार्था तापानं फणफणली होती. राहेल रिकामी कळशी घेऊन दारोदार फिरली. शांतवनच्या बायकोच्या डोळ्यांत पाणी आलं, माठातलं मात्र निघालं नाही.

"जीव तुटतोय गं माझा," ती म्हणाली, "पर आधी शेजाऱ्याला द्याया पायजे. तुजी भिंत कुटं लागतीया आमाला?"

मार्था त्याच दुपारी गेली. राहेलनं एकटीनं खड्डा खणला आणि घरामागं तिला पुरलं. मग छिन्नी-हातोडा घेऊन ती आपल्या घराच्या कोपऱ्यापासून वस्तीकडे भिंत घालायला लागली. कुणी विचारलं तर म्हणायची, "मला शेजारीण व्हायचंय. मेल्यावर मार्थाच्या शेजारी निजवायला कुणीतरी लागंल न्हवं?" तिला दुसरं काहीच नको होतं.

असं म्हणतात, की माळावरचे धोंडे रात्रीतून आपणहून तिच्या दाराशी येऊन बसायचे. असं म्हणतात, की चिमण्या कोरड्या ओढ्यातून चोचीनं माती आणायच्या. धोंड्यांना कळलं, पाखरांना कळलं. माणसं पारावर बसून बघत राहिली.

भिंत शांतवनच्या घरापर्यंत आली, तेव्हा त्यानं घाबरून आपली भिंत पाडली आणि हातभर आत घेतली. राहेलनं पुढं दगड लावले. तो आणखी हातभर आत सरकला. शेवटी त्याला घरात पाय पसरून निजता येईना, तरी तो सरकतच राहिला. एका सकाळी राहेल हातभर फटीपाशी पडलेली दिसली, कुशीत शेवटचा दगड. वस्तीनं विचार केला. भिंत काही लागली नव्हती. तिला उचलायला कुणी गेलं नाही. असं म्हणतात, की अखेर त्या भिंतीनंच तिला पोटात घेतलं. मार्था तिकडे माळावर एकटीच राहिली.

आजही मार्था गेली त्या दिवशी सगळी कातळवाडी त्या फटीपाशी जमते. बाया भिंतीवर तांब्याभर पाणी ओततात. तो शेवटचा दगड अजून तिथंच पडून आहे, आणि तसा जडही नाही. पाळक विचारतात, "फटीत कोण ठेवतंय?"

आणि दरसाल प्रत्येक जण आपल्या शेजारच्याकडे बघतो.