भिंगऱ्या बसायला शिकला

फार फार जुनी गोष्ट, नद्यांवर पूल नव्हते तेव्हाची. माळावरच्या एका गावात ठकूबाई नावाची मेंढपाळाची सून राहत होती. तिचा एक कुत्रा होता. आईवेगळं पिल्लू, तिनेच बोळ्याने दूध पाजून वाढवलेलं. त्याचा पाय म्हणून एका जागी ठरत नसे, म्हणून नाव पडलं भिंगऱ्या.

भिंगऱ्या मनाचा वाईट नव्हता हो. पण मेंढी हलली की हा उधळलाच! एकदा त्याने सारा कळप असा पळवला, की एक गाभण मेंढी ओघळीत पडून लंगडी झाली.

सासरे संतापले. "सूनबाई, दसरा झाला की कळप घेऊन नदी उतरायची आहे. भर पाण्यात यानं असा धिंगाणा घातला तर मेंढरं वाहून जातील. तोवर शहाणा झाला तर ठीक, नाहीतर त्याला इथंच सोडून जायचं."

"मी शिकवते त्याला, मामंजी," ठकूबाई म्हणाली.

ती शिकवायला लागली. "बस! अरे, बस म्हणते ना! बस रे मेल्या!" तिचा आवाज चढे, तशा भिंगऱ्याच्या उड्या वाढत. त्याला वाटे, खेळच चाललाय.

"कोण कुणाला नाचवतंय गं?" जाऊ ओट्यावरून हसे.

श्रावण लागला. ठकूबाईचं सोमवारचं व्रत होतं. दिवसभर उपवास, आणि संध्याकाळी मुक्याने जेवण. हात धुवेपर्यंत तोंडातून शब्द काढायचा नाही. ती पानावर बसली आणि भिंगऱ्या आलाच नाचत, भुंकत. ओरडावं तर व्रत मोडतं. तिने भाकरीचा तुकडा मुठीत धरला, दुसऱ्या हाताचा तळवा जमिनीकडे केला आणि नुसती बसून राहिली.

भिंगऱ्याने उड्या मारून पाहिल्या, कुंईकुंई केली. मग तिच्या तोंडाकडे बघत बघत खाली टेकला. टेकल्याबरोबर तुकडा त्याच्या तोंडात!

'अगंबाई,' तिच्या मनात आलं, 'माझ्याच आरडाओरड्यानं हा चेकाळत होता की!'

मग हाच नेम झाला. आधी अंगणात, मग मेंढरं कोंडायच्या वाघुरीपाशी, मग हलत्या मेंढरांत. नीट बसला, की "जा!" म्हणून ती त्याला माळावर मनसोक्त धावू देई. धावणं तर त्याच्या रक्तातच होतं. कधी तो सगळं विसरे, कधी हिचाच तोल जाई. मग देवाचं नाव घेऊन पुन्हा पहिल्यापासून.

दसरा झाला. कळप नदीत उतरला. मेंढरं मध्यावर असताना लव्हाळ्यातून एक बगळा फडफडत उडाला. काठावर बसलेला भिंगऱ्या ताडकन उठला.

"धरा त्याला! हाणा!" सगळे एकदम ओरडले. तो आणखीच बिथरला.

ठकूबाईच्याही गळ्याशी किंकाळी आली. तिने ती गिळली. शांतपणे त्याच्यासमोर जाऊन तळवा खाली केला. भिंगऱ्याचं अंग थरथरत होतं, एक पाय पाण्यात गेला होता. त्याने तिच्याकडे पाहिलं, पाय मागे घेतला आणि बसला.

कळप पार झाला. एक चुकार कोकरू तेवढं डोहाकडे निघालं होतं. "जा!" ठकूबाई म्हणाली. भिंगऱ्या बाणासारखा सुटला आणि कोकराला वळवून उथळ पाण्याच्या उतारावर घेऊन आला.

पैलतीरावर सासऱ्यांनी विचारलं, "सूनबाई, कसला मंत्र घातलास याला?"

"मंत्र कसला, मामंजी! मीच गप्प राहायला शिकले."

"मग आम्हा बाप्यांनाही शिकव जरा," म्हातारा हसला आणि आपल्या भाकरीतला पहिला तुकडा त्याने भिंगऱ्याला दिला. त्याला सोडून जायची गोष्ट पुन्हा कुणी काढली नाही.

म्हणून, बाळांनो, आणि मोठ्यांनोसुद्धा: दुसऱ्याला शांत करायचं असेल, तर आधी आपण शांत व्हावं.