झुपकीची गोधडी शेवटी

चिंचेच्या बुंध्यात होती एक ढोली. ढोलीत राहायची एक खार. तिचे नाव झुपकी.

दर मंगळवारी झुपकीच्या घरी बैठक. गोधड्या शिवायची बैठक. साळुंकी यायची. कोळी यायचा. ससा यायचा. कासव यायचे, सगळ्यांच्या मागून. झुपकी झाडायची, अंथरायची, शेंगदाणे वाढायची. सगळे शिवायचे, खायचे, हसायचे, जायचे. झुपकी पुन्हा झाडायची.

एका मंगळवारी काय झाले?

बसायला अंथरली होती झुपकीचीच गोधडी. तिची एकुलती एक. ससा उडी मारून उठला. टर्रर्र! गोधडी फाटली.

"येतो हं, पुढच्या मंगळवारी!" म्हणाले सगळे, आणि गेले.

झुपकीची पाठ दुखली. डोळे मिटू लागले. थंडी वाजू लागली. पण फाटक्या गोधडीत झोप कशी येणार? तिने गोधडी उचलली आणि निघाली. तुरुतुरु, तुरुतुरु.

वाटेत भेटली साळुंकी.

"साळुंकीताई, साळुंकीताई, माझी गोधडी फाटली, माझी पाठ दुखली. टाके घाल ना!"

"मी नाही बाई! कोळी दोरा देईल, तर मी टाके घालीन."

झुपकी निघाली. तुरुतुरु, तुरुतुरु. जाळ्यात भेटला कोळी.

"कोळीकाका, कोळीकाका, माझी गोधडी फाटली, माझी पाठ दुखली. साळुंकी टाके घालीना. दोरा द्या ना!"

"मी नाही बुवा! ससा ठिगळ कापील, तर मी दोरा देईन."

झुपकी निघाली. तुरु... तुरु... गवतात भेटला ससा.

"ससेदादा, ससेदादा, माझी गोधडी फाटली, माझी पाठ दुखली. साळुंकी टाके घालीना, कोळी दोरा देईना. ठिगळ काप ना!"

"मी नाही गं! कासव हो म्हणेल, तर मी ठिगळ कापीन."

झुपकी निघाली. तु... रु... तु... रु... तळ्याकाठी भेटले कासव.

"कासवआजोबा, कासवआजोबा, माझी गोधडी फाटली, माझी पाठ दुखली. साळुंकी टाके घालीना, कोळी दोरा देईना, ससा ठिगळ कापीना. हो म्हणा ना!"

कासवाने मान आत घेतली. मान बाहेर काढली.

"झुपके, आपली रीत काय? ज्याच्या घरी बैठक, त्याची गोधडी शेवटी."

"शेवटी म्हणजे कधी, आजोबा?"

"सगळ्यांच्या शिवून झाल्या की."

"सगळ्यांच्या कधी होतील?"

"कशा होतील? दर मंगळवारी कुणीतरी नवी काढतोच!"

झुपकी मटकन खाली बसली. शेपटीवर डोके टेकले. जांभई दिली. आणि जांभई देता देताच म्हणाली,

"मग आज आणखी एक बैठक. तुमच्या घरी."

"माझ्या घरी? अगं, माझं घर माझ्या पाठीवर!"

"मग पाठीवर बसू."

"मग शेवटी गोधडी कुणाची?"

"तुमची."

"मला कुठे लागते गोधडी?"

"ठाऊक आहे. तुम्ही शेंगदाण्यांसाठी येता."

कासवाने मान आत घेतली. बराच वेळ आतच ठेवली. मग हळूच बाहेर काढली.

"आणि केर कोण काढणार?"

"ज्याच्या घरी बैठक, तो."

"हं," म्हणाले कासव. "रीत ती रीत. हो!"

कासव हो म्हणाले, ससा धावत आला. सशाने ठिगळ कापले, कुच् कुच् कुच्. कोळ्याने दोरा दिला, सर्र सर्र सर्र. साळुंकीने टाके घातले, टुक् टुक् टुक्. झुपकीने काय केले? काहीच नाही. ती नुसती बसली.

शेवटचा टाका पडला. "घे गं झुपके, तुझी गोधडी!"

झुपकी बोलेना. झुपकी हलेना. झुपकी झोपली होती.

साळुंकीने तिच्यावर गोधडी पांघरली. कासव केर काढू लागले. एक चिंधी उचलली, दम खाल्ला. दुसरी चिंधी उचलली, दम खाल्ला.

"पुढची बैठक कुणाच्या घरी?" सशाने हळूच विचारले.

सगळ्यांनी झुपकीकडे पाहिले. मग एकमेकांकडे पाहिले.

कोळ्याने आठ पायांतला एक पाय वर केला.

गोष्टीला मारली गाठ, दोरा तोडला टक्! आता पांघरूण घ्या, आणि डोळे मिटा.